कामाची भाषा

इंग्रजी जगभर पसरली, असं लिहितात. तेल पसरतं तशी. कोणी सांडलं नाही, कोणी लवंडलं नाही, आपलं आपण पसरलं. आमच्या बंदरात मात्र ती एका माणसाच्या तोंडून पसरली आणि तो माणूस अजून आमच्या गल्लीत राहतो. त्यामुळे निदान इथली तक्रार कुठे न्यायची हे आम्हाला ठाऊक आहे.

त्याला सगळे पायलट म्हणत. विमानाचा नव्हे. परक्या जहाजाच्या कप्तानाला आमच्या बंदरात गाळ कुठे, खडक कुठे, ओहोटीचं पाणी कुणीकडे ओढतं हे माहीत नसतं. म्हणून इथला एक जाणता माणूस छोट्या बोटीतून समुद्रात जातो, दोरीच्या शिडीने जहाजावर चढतो आणि कप्तानाच्या शेजारी उभं राहून ते धक्क्याला लावून देतो. तो पायलट. उंच, वाळलेला, शर्ट पांढरा आणि कडक इस्त्रीचा. समोरच्याने आत्ताच काहीतरी चुकीचं बोलून टाकलंय, असा चेहरा. बहुतेक वेळा बोललेलं असायचंही, कारण तो दुसरं काही ऐकतच नसे.

त्याचा धाकटा भाऊ टग चालवायचा. टग म्हणजे बुटकी, रुंद आणि राक्षसी ताकदीची बोट. मोठ्या जहाजाला दोर बांधून त्याला पुढून ओढायचं, नाहीतर मागून आवरून धरायचं, हे तिचं काम. धाकटाही तसाच, बुटका आणि रुंद. लहानपणी घरात त्याला ढब्या म्हणत. मिशी फुटल्यावर तसं म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

दोघे एकाच घरात राहायचे. थोरला वर, धाकटा खाली, जिना बाहेरून. कामावरही तीच व्यवस्था. थोरला जहाजाच्या माथ्यावर, धाकटा खाली पाण्यात. बोलणं कित्येक वर्षं बंद. म्हणजे आपल्या भाषेतलं बंद. रेडिओवर ते रोज बोलत, इंग्रजीत, कारण बंदराचा नियम तसा होता. नियम थोरल्यानेच आणलेला.

"टग, स्टँड बाय."

"येस, पायलट."

बस. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. भांडलेल्या भावांना याहून सोयीची भाषा अजून निघालेली नाही.

भांडणाचं मूळ त्यांच्या बापाकडे जातं, जशी बरीच भांडणं जातात. बाप जहाजांना रंग द्यायचा. फळीवर लोंबकळत गंज खरवडायचा, लाल थर, काळा थर, आणि शेवटी जहाजाच्या पुढच्या टोकावर त्याचं नाव. इंग्रजी अक्षरांत. बापाला त्यातलं एकही वाचता यायचं नाही. कोणीतरी खडूने आखून द्यायचं, तो भरायचा. राण्यांची, शहरांची, मालकांच्या मुलींची नावं त्याने माणसाएवढ्या अक्षरांत रंगवली आणि एकीशीही ओळख झाली नाही. एकदा तो म्हणाला, "आपल्या घरात एकाला तरी कळू दे, मी काय लिहितो ते."

एकाला. दोघांना इंग्रजी शाळेत घालणं झेपणारं नव्हतं. थोरला आधी जन्मला होता, एवढी त्याची पात्रता. धाकटा जवळच्या शाळेत गेला आणि मग तिथूनही गेला, सरळ धक्क्यावर.

इंग्रजी शाळेत एक लाकडी फळी होती. जो पोरगा घरची भाषा बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची. त्याने मग दुसरा बोलणारा पकडायचा आणि फळी त्याच्या गळ्यात घालायची. शाळा सुटताना ज्याच्या-त्याच्या नशिबाने ती ज्याच्या गळ्यात असेल त्याला छड्या. ही युक्ती आमच्या मास्तरांच्या डोक्यातून निघाली असं समजून उगाच अभिमान बाळगू नये. इंग्रजी ज्या बेटावर जन्मली त्याच बेटाच्या पश्चिमेला डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या पोरांची बोली वेगळी, आणि त्यांच्याही गळ्यात असाच ठोकळा अडकवत. आधी शेजाऱ्याच्या पोरांवर करून पाहिलं, चाललं, मग माल परदेशी पाठवला.

थोरल्याच्या गळ्यात फळी सुरुवातीला रोज. मग क्वचित. मग कधीच नाही. म्हणजे त्याला इंग्रजी आली असं नव्हे. दुसऱ्याला पकडायला आलं. मधल्या सुट्टीत भिंतीला कान लावून तो उभा राहायचा, एखादं पोरगं आईच्या आठवणीने रडायला लागलं की हा हजर. रडू कुठल्या भाषेत आहे ते तपासायला.

तो हुशार होता, हे कबूल करायला हवं. जहाजावर लागला, परीक्षा दिल्या, अर्धं जग पाहिलं आणि पायलट होऊन परत आला. येताना एक जाडजूड पुस्तक घेऊन आला, इंग्रजी भाषेच्या इतिहासाचं. धक्क्यासमोरच्या चहावाल्याकडे तो त्यातलं ऐकवायचा. लोक चहा घ्यायला येत, त्यांना इतिहास फुकट.

"एका परक्या सरदाराने बेट जिंकलं," तो सांगायचा. "पुढे तीनेकशे वर्षं राजदरबारी फ्रेंच. कोर्टात फ्रेंच. इंग्रजी कोण बोलायचं? गुराखी. मोलकरणी. डुकरं राखणारे. आणि आज बघा! गुराख्यांची भाषा कुठे पोचली!"

"कशी काय पोचली?" चहावाला गाळणी आपटत विचारायचा.

"जहाजांनी. आपल्याकडे जहाजं नव्हती."

"होती की. तुमचे वडील रंगवायचे."

"ती दुसऱ्यांची."

"मग असं सांगा ना, की भाषा नाही पोचली. जहाजं पोचली, भाषा त्यांत बसून आली. तोफांच्या शेजारी."

थोरला अशा वेळी चहा अर्धा टाकून उठायचा. पण दुसऱ्या दिवशी हजर. स्किपर हा शब्द डचांचा, डेक डचांचा, अॅडमिरल अरबांचा. डाव्या बाजूला पोर्ट आणि उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात, पण आधी डावीचं नाव लारबोर्ड होतं. वाऱ्यात ओरडलं की दोन्ही सारखीच ऐकू यायची. शतकं गेली तेव्हा कुठे आरमाराने हुकूम काढून नाव बदललं. जहाज बुडताना 'मेडे' ओरडतात, तोही मुळात फ्रेंचांच्या 'मला मदत करा'वरून विमानवाल्यांनी घडवलेला. थोरला हे सगळं कौतुकाने सांगायचा. किती मोठ्या मनाची भाषा, सगळ्यांना घरात घेते! धाकटा चहाच्या टपरीमागे दोर वेटोळत बसलेला असे. तो कोणाकडे न बघता म्हणे, "आमच्यात याला चोरबाजार म्हणतात."

हे सगळं बोलणं बंद होण्याच्या आधीचं. तेव्हा तो हसून म्हणायचा आणि थोरलाही ओठ दाबून हसायचा.

मग धाकट्याने पायलटच्या परीक्षेला नाव दिलं. पाणी त्याला तोंडपाठ होतं, टगवर केस पिकत आले होते, बंदराला माणूस हवा होता. लेखीतून तो कसाबसा निघाला. तोंडी परीक्षा इंग्रजीत. मंडळासमोर तो टेबलाच्या कडा धरून बोलला, घामाने शर्ट चिकटला, वाक्यं मध्येच तुटली. पण त्याला काय म्हणायचं होतं ते कळत होतं, असं त्या मंडळातले लोकच नंतर बाहेर बोलले. मंडळात थोरलाही होता. अध्यक्षांनी त्यालाच विचारलं, "यांचं इंग्रजी पुरेसं आहे का?"

थोरल्याने सांगितलं, "नाही."

त्या संध्याकाळी जिन्यावर जे झालं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं.

"एक शब्द, दादा! एक 'हो' म्हणायला काय जात होतं तुझं?"

"मला विचारलं. मी खरं ते सांगितलं."

"खरं! फळी घालणारा तू! जन्मभर दुसऱ्याच्या गळ्यात फळी घालत फिरलास!"

"उद्या एखाद्या कप्तानाला तुझं बोलणं कळलं नाही तर माणसं मरतील. कळतंय का तुला?"

"तुझ्यासारखं कळत नाही बाबा. आम्ही गुराखी."

दार आपटलं. त्या दिवसापासून धाकट्याने त्याला दादा म्हटलं नाही आणि थोरल्याने त्याला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. मधे उरली थोरल्याची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणे. ती वरून भाजीची वाटी घेऊन खाली जायची, खालून निरोप घेऊन वर यायची आणि दोघांचेही पाणउतारे करायची.

"भाऊजी, तुमचे थोरले विचारतायत, टाकीचं पाणी कोणी सोडलं?"

"इंग्रजीत विचारायला सांगा. नाहीतर मला हुकूम कळत नाही."

हा टोमणा त्या नियमाला होता. मोठा पायलट झाल्यावर थोरल्याने रेडिओवरची शिस्त हातात घेतली होती. समुद्रावरची इंग्रजी म्हणजे फार काही नाही. आंतरराष्ट्रीय मंडळींनी एकत्र बसून ठरवून दिलेली ठरावीक वाक्यं. त्यांत विनोद नाही, शंका नाही, बायकोची तब्येत नाही. पण आमचे टगवाले रेडिओवर निम्मं इंग्रजी आणि निम्मं घरचं बोलत. दोर ओढता ओढता एकमेकांच्या सासऱ्यांची विचारपूस करत, आणि शिव्या तर ओघाने आल्याच. थोरल्याने एके दिवशी सगळ्या टगांना रेडिओवरूनच ऐकवलं, आणि पुढे येता-जाता ऐकवत राहिला: "कामाची भाषा एकच. इंग्रजीत सांगितलं तोच हुकूम. आपल्या भाषेत कोणी काही बोललं तर ती बडबड. ती मी ऐकणार नाही, तुम्हीही ऐकायची नाही. मी बोललो तरी नाही."

शेवटचं वाक्य त्याने रुबाबासाठी घातलं होतं. तो आपल्या भाषेत बोलेल, असं त्याला स्वतःलाच वाटत नव्हतं.

टगवाले मुकाट ऐकू लागले. घरची भाषा रेडिओवरून गेली. चुका कमी झाल्या, असं थोरला म्हणायचा. सासऱ्यांची विचारपूसही बंद झाली.

मग ते जहाज आलं. मालक एका देशातले, झेंडा दुसऱ्या देशाचा, बांधलेलं तिसरीकडे, कप्तान चौथ्या देशाचा आणि खलाशी पाचव्या देशाचे. सगळ्यांना जोडणारी भाषा इंग्रजी, आणि अख्ख्या जहाजावर एकही इंग्रज नाही. जहाज धक्क्याकडे सरकत होतं. धाकट्याची टग मागे बांधलेली, गती आवरायला. थोरल्याने कप्तानाला इंजिन थांबवायला सांगितलं.

"येस, येस," कप्तान म्हणाला.

इंग्रजीतला सगळ्यात दूरवर पोचलेला शब्द हाच असावा, आणि सगळ्यात धोक्याचाही. समजलं तरी येस, नाही समजलं तरी येस. थोरल्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो 'येस' ऐकल्यावर नेहमी स्वतः जाऊन बघायचा. त्या दिवशीही तो बघायला वळला. इंजिन थांबलं नव्हतं, उलट पुढे जोर घेत होतं. तो कप्तानावर ओरडला. तेवढ्यात त्याची नजर कप्तानाच्या खोलीबाहेरच्या गच्चीवरून मागे गेली.

जहाजाने वेग घेतला की मागची टग दोराने फरपटते. ती सरळ राहिली तर ठीक. आडवी झाली तर दोर तिला बाजूने ओढतो आणि उताणी पाडतो, माणसांसकट. वाचायचा मार्ग एकच, हुक सुटायचा दांडा ओढून दोर सोडून देणे. धाकट्याची टग आडवी व्हायला लागली होती. चालकाच्या जागेवरून त्याला ते इतक्या लवकर दिसणार नव्हतं. वरून दिसत होतं.

थोरल्याने रेडिओ तोंडाशी धरला. योग्य शब्द कोणता ते त्याला झोपेतही आलं असतं. 'लेट गो', हे दोन इंग्रजी शब्द त्यानेच सगळ्यांना घोकायला लावले होते.

"ढब्या!" तो ओरडला. "सोड! सोड रे, मरशील!"

बुडण्याच्या वेळी माणूस कुठल्या भाषेत ओरडतो, याबद्दल त्या जाड पुस्तकात प्रकरण नव्हतं.

धाकट्याने दोर सोडला नाही. टग कलंडली, पाणी डेकवर आलं, आतल्या खोलीत शिरलं, आणि दोर आपणहून तुटला म्हणून ती परत उभी राहिली. तुटलेल्या दोराच्या फटक्याने काचा फुटल्या. धाकटा दारावर आदळला आणि त्याचा डावा हात खांद्यापाशी मोडला. मोकळं सुटलेलं जहाज धक्क्याला जाऊन भिडलं आणि धक्क्याचा कोपरा घेऊनच थांबलं.

दवाखान्यात वहिनी डबा घेऊन गेली.

"भाऊजी, बहिरे झालात का तुम्ही? ते घसा फोडून ओरडत होते."

"ऐकलं की."

"मग सोडला का नाही दोर?"

धाकट्याने उजव्या हाताने डब्याचं झाकण उघडलं. "ढब्या म्हणाला ना," तो म्हणाला. "मी वर बघितलं."

"म्हणजे?"

"म्हणजे वर बघितलं. हुकाकडे बघायचं सोडून वर बघितलं. इतक्या वर्षांनी कोण हाक मारतंय म्हणून. हुकूम असता तर हात आपोआप गेला असता दांड्यावर. हाक होती, वहिनी. हाकेला कोण दांडा ओढतं?"

वहिनीने घरी येऊन हे नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. तो शर्टाला इस्त्री करत होता. दुसऱ्या दिवशी चौकशी समिती बसायची होती.

"उद्या काय सांगणार तुम्ही?"

"सोड म्हणालो, हे सांगणार. म्हणालोच होतो."

"म्हणजे हुकूम दिला आणि त्याने ऐकला नाही, असं ना? त्याची नोकरी जाईल."

"आणि नाही सांगितलं तर माझा परवाना जाईल. हुकूमच दिला नाही असं ठरेल." इस्त्री खाली ठेवत तो म्हणाला, "जे झालं ते सांगायचं. मी दुसरं काय करतोय?"

"तेच तर," वहिनी म्हणाली. "तुम्ही जन्मभर तेच करत आलात."

प्रश्न एवढाच होता, आणि गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही तो कळला होता. एकाचा परवाना, नाहीतर दुसऱ्याची नोकरी.

समिती बंदराच्या कचेरीतल्या मोठ्या खोलीत बसली. मागच्या बाकांवर आम्ही. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त कप्तान, आमच्या पलीकडच्या गल्लीत लहानाचे मोठे झालेले. बाजूचे दोघे सदस्य इथलेच. जहाजमालकांचा वकील तेवढा परका, कुठल्याशा दूरच्या देशाचा, आणि तिकडेही घरी इंग्रजी बोलत नसावा. जहाजाचा कप्तान त्याच्या शेजारी. खोलीत इंग्रज कोणी नव्हता. सगळं कामकाज इंग्रजीत.

थोरला उभा राहिला. त्याचं इंग्रजी ऐकत राहावं असं, एकेक वाक्य इस्त्री केलेलं.

"टगला दोर सोडण्याचा हुकूम तुम्ही दिलात?"

"दिला. स्पष्ट शब्दांत."

मग रेडिओचं ध्वनिमुद्रण लावलं. खरखर. इंजिनाचा घरघराट. आणि मग तो आवाज, फाटलेला, इस्त्री पार उतरलेला. "ढब्या! सोड! सोड रे, मरशील!"

ज्यांना भाषा कळत होती ते सगळे खाली बघायला लागले. एकटा वकील पेन सरसावून बसला होता.

"हा ढब्या," त्याने विचारलं, "हा हुकाचा भाग आहे का?"

मागच्या बाकावर कोणीतरी खोकल्याचं सोंग घेतलं. अध्यक्ष चष्मा पुसू लागले. ढब्या कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, लहानपणी त्यांनीच त्याला विटीदांडूत रडवलं होतं. पण त्यांना कळून उपयोग नव्हता, कागदावर इंग्रजीत यायला हवं होतं.

"साक्षीदाराने सांगावं," ते म्हणाले.

"ते... संबोधन आहे," थोरला म्हणाला.

"कोणाला?"

"टगच्या चालकाला."

"तुमच्याकडे टगच्या सगळ्या चालकांना असं म्हणतात?"

"नाही," थोरला म्हणाला. एवढा बारीक आवाज आम्ही त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मग धाकट्याला बोलावलं. हात गळ्यात बांधलेला. अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला आपल्या भाषेत बोलता येईल, दुभाष्या बसलेला आहे.

"नो," धाकटा म्हणाला. "आय स्पीक."

तो टेबलाची कड एका हाताने धरून उभा राहिला, तोंडी परीक्षेत उभा होता तसाच.

"पायलट मेक रूल," तो म्हणाला. "इंग्लिश इज ऑर्डर. अवर लँग्वेज, नॉट ऑर्डर. ही से, आय टॉक आल्सो, नॉट ऑर्डर. ऑल टग हिअर."

"म्हणजे हुकूम दिला नव्हता?" वकिलाने विचारलं.

"नो ऑर्डर."

"मग हे जे आम्ही ऐकलं ते काय होतं?"

धाकट्याने पहिल्यांदा भावाकडे बघितलं. त्या बघण्यात प्रेम होतं असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यात कित्येक वर्षांचा जिना होता.

"फॅमिली मॅटर," तो म्हणाला.

वकील खूश झाला. हुकूम नाही म्हणजे चूक पायलटची, पायलटची म्हणजे बंदराची, जहाजमालक सुटले. अध्यक्षांनी कागद पुढे ओढला आणि मग थांबले. साक्षीदाराने दुभाष्या नाकारला होता. अशा वेळी नियमाप्रमाणे विचारावं लागतं. त्यांनी आधी वकिलाला विचारलं. तो म्हणाला, साक्ष अगदी स्पष्ट आहे. मग अध्यक्ष थोरल्याकडे वळले. ते त्याच्याकडे बघत नव्हते, कागदाकडेच बघत होते.

"साक्षीदाराचं इंग्रजी पुरेसं आहे का? तुमची हरकत असेल तर साक्ष पुन्हा घेऊ, दुभाष्यामार्फत."

नाही म्हटलं की झालं. साक्ष पुसली जाणार, सगळं नव्याने. दुभाष्या आमच्याच गावचा, 'सोड' या शब्दाचं त्याने इंग्रजीत करून ठेवलं असतं ते ठरावीक वाक्यच, हुकुमाचं. आणि नाही म्हणायला कारणही होतं. त्या साक्षीत एक वाक्य धड नव्हतं. थोरल्याच्या चेहऱ्यावर ती सगळी मोडतोड लिहिलेली दिसत होती, तो प्रत्येक चूक गोळा करून बसला होता. सवयच तशी.

पंखा फिरत होता. वहिनीने पदराचं टोक दातात धरलं होतं.

"पुरेसं आहे," थोरला म्हणाला.

परवाना गेला. कायमचा.

बाहेर अंगणात धाकट्याने त्याला गाठलं. आभार मानायला असं कोणाला वाटलं असेल तर त्याने हे घर ओळखलं नाही.

"आता पुरेसं झालं होय?" तो ओरडला. "आं? आता? तेव्हा नव्हतं, आता कुठून आलं? मी मधे शाळेत गेलो होतो का?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू दे! तेवढंच येतं मला. तेव्हाही तेवढंच येत होतं!"

"चुका आजही आहेत," थोरला म्हणाला. "सगळी वाक्यं चुकवलीस तू."

"पण कळलं ना? त्या वकिलाला कळलं, अध्यक्षांना कळलं. तुला कळलं का?"

थोरला शर्टाची बाही सरळ करत राहिला.

"विचारतोय मी, दादा! कळलं का तुला?"

'दादा' कोणाच्या लक्षात आलं आणि कोणाच्या नाही ते सांगता येत नाही. वहिनीच्या आलं. ती म्हणाली, "घरी चला दोघं. हात सुजलाय त्यांचा, आणि तुमचं डोकं." थोरल्याने उत्तर दिलं नाही. आजतागायत दिलेलं नाही.

ते जाड पुस्तक आता चहावाल्याकडे आहे. तो त्यावर किटली ठेवतो. डावी-उजवी, तीनशे वर्षं, गुराखी, सगळ्यावर गोल गोल डाग.

थोरला रोज धक्क्यावर येतो. दोर अडकवायच्या लोखंडी खुंटावर बसतो, इस्त्रीच्या शर्टात, आणि टग जवळून गेली की उठून उभा राहतो.

"ढब्या! डावीकडे घे! आंधळा झालास का? पाणी ओढतंय तिकडे! अरे डावीकडे, गाढवा!"

खाली टगवर रेडिओ चालू असतो. नवा पायलट इंग्रजीत हुकूम देत असतो, ठरावीक वाक्यांत, आणि धाकटा तेच पाळतो. धक्क्यावरून येणारं ते कामाचं बोलणं नाही, हे तिथल्या नव्या खलाशालाही सांगून ठेवलेलं आहे.

तरी धाकटा दर वेळी वर बघतो. मग एक सणसणीत शिवी घालतो, आणि बहुतेक वेळा टग डावीकडे घेतो.

थोरला खाली बसतो. ती शिवी त्याने आजवर एकदाही सुधारलेली नाही.